खरेदीच्या व्यवहारातील शब्द व त्यांचे मर्म

आईने हातावर ठेवलेल्या पैशांतून बाजारात जाऊन मीठ-मिरची आणणारा मुलगा खरेदी करितो, आणि हंगामात हजारो क्विंटल धान घेणारी सहकारी संस्थाही खरेदीच करिते. दोन्ही कृत्यांना भाषेत एकच नाव असले तरी त्यांत मोठे अंतर आहे. मुलगा घरी परतला की आई पिशवी उघडून पाहते, उरलेले पैसे मोजून घेते आणि तेथेच तो व्यवहार पुरा होतो. परंतु शाळा, रुग्णालय, कारखाना, सहकारी संस्था किंवा सरकार जेव्हा खरेदी करिते, तेव्हा पैसा एकाचा असतो, निवड दुसरा करितो, माल तिसरा देतो आणि तो वापरावयाचा असतो चौथ्याला. ज्याचा पैसा खर्च होतो तो सौद्याच्या वेळी हजर नसतो. ज्याच्या पानात तो भात पडणार त्याला विचारावयास कोणी जात नाही.

ह्या गैरहजर माणसांचे हित सांभाळण्याचे काम खरेदीच्या परिभाषेने आपल्याकडे घेतले आहे. निविदा, अनामत, नमुना, चलान, बीजक हे शब्द कचेरीतील कागदांवर वाचताना रूक्ष वाटतात खरे. पण बहुतेक शब्दांच्या मुळाशी पूर्वी केव्हा तरी झालेला तंटा किंवा फसवणूक असते, आणि ती पुन्हा होऊ नये म्हणून तो शब्द पहाऱ्यावर उभा केलेला असतो. आपला भंडारा जिल्हा धानाचा. तुमसर, मोहाडी, भंडारा, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी ह्या सातही तालुक्यांतील असंख्य कुटुंबांचा वर्षाचा हिशेब धानाच्या विक्रीवर बसतो. सबब हे शब्द आपणांस परके नाहीत. ते नीट समजलेले मात्र असतातच असे नाही. प्रस्तुत लेखात त्यांचा क्रमाने विचार करू.

गरज, मागणी आणि मालाचे वर्णन

खरेदीचा आरंभ दुकानात होत नाही. तो गरजेच्या हिशेबात होतो. किती माल हवा, कोणत्या वेळी हवा आणि कशासाठी हवा, हे लिहून वरिष्ठांकडे पाठविलेल्या कागदास मागणीपत्र म्हणतात. एक उदाहरण घेऊ. शाळेतील पोषण आहाराच्या योजनेत पहिली ते पाचवीच्या मुलास दररोज १०० ग्रॅम व सहावी ते आठवीच्या मुलास १५० ग्रॅम धान्य ठरविलेले आहे. समजा, एका शाळेत सहावी ते आठवीचे २०० विद्यार्थी आहेत. त्यांना एका दिवशी ३० किलो तांदूळ लागेल आणि महिन्यात शाळेचे २४ दिवस धरले तर ७२० किलो. हा आकडा ज्याने मांडला नाही, तो एक तर अधिक मागवून उंदीर पोसील, नाही तर कमी मागवून मुलांना उपाशी ठेवील.

किती हवे हे ठरले म्हणजे कसे हवे हे ठरवावे लागते. मालाच्या ह्या नेमक्या वर्णनास सरकारी भाषेत विनिर्देश म्हणतात. 'चांगला तांदूळ पाठवा' एवढेच लिहिले तर चांगला कोणता ह्यावर पुढे वाद होतो. कारण देणाऱ्याचा चांगला व घेणाऱ्याचा चांगला ह्यांत अंतर असते. तुकडा किती चालेल, खडे किती, ओल किती, हे अंकांत लिहिले म्हणजे वादाला जागा उरत नाही. आपल्याच जिल्ह्यात तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. तेथील माल नुसता 'मँगनीजचा दगड' म्हणून विकला जात नाही. त्यात धातूचे प्रमाण शेकडा किती, हे पृथक्करणाने पाहून त्याची प्रत ठरते आणि प्रतीवरून भाव ठरतो. डोंगरी बुजुर्गचा काही माल विजेच्या कोरड्या घटांसाठी उपयोगी पडतो, तर पोलादाच्या भट्टीला निराळ्या गुणांचा लागतो. एकाला उत्तम तो दुसऱ्याला निरुपयोगी, हे ध्यानात घेतले म्हणजे वर्णनाचे महत्त्व कळते.

पुरवठ्याचा शोध, दरपत्रक आणि निविदा

आता माल कोठून मिळेल हे पाहावयाचे. पुष्कळ लोक ह्या पायरीला महत्त्व देत नाहीत व ज्याच्याकडून गेल्या वर्षी घेतले त्याच्याकडूनच यंदाही घेतात. परंतु पुरवठ्याचा शोध हे खरेदीचे अर्धे काम आहे. आपल्याकडील कोशाच्या विणकराचे पाहा. कोशाचा किडा ऐन व अर्जुन ह्या झाडांच्या पाल्यावर वाढतो. पावसाने दगा दिला किंवा किडीवर रोग पडला तर त्या वर्षी कोष कमी येतात. जो विणकर एकाच गावच्या कोषांवर विसंबून राहील त्याचा माग बंद पडेल. जो शेजारच्या छत्तीसगडातील कोशाचीही माहिती ठेवील त्याचा माग चालू राहील. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांचा धंदाही असाच आहे. पितळ म्हणजे तांबे व जस्त ह्यांचा मिश्रधातू. नवा धातू बाहेरून आणावा लागतो, आणि त्याच्या जोडीस जुनी भांडी मोडीत घेऊन ती पुन्हा वितळविण्याची चाल आहे. अशा रीतीने कच्च्या मालाची दोन दारे उघडी ठेवणे ह्यातच धंद्याची सुरक्षितता असते.

लहान खरेदी असेल तर दोन-तीन दुकानदारांकडून लेखी भाव मागवितात. त्यांस दरपत्रके म्हणतात, व ती शेजारी शेजारी मांडून केलेल्या कोष्टकास तुलनात्मक तक्ता. खरेदी मोठी असेल तर जाहिरात देऊन सर्वांनाच बोलावितात. ह्या जाहीर आमंत्रणाला उत्तर म्हणून बंद लिफाफ्यात जो देकार येतो ती निविदा होय. लिफाफा बंद असण्याचे कारण असे की, एकाचा दर दुसऱ्यास आधी कळू नये. आणि तो ठरलेल्या वेळी सर्वांसमक्ष उघडण्याचे कारण असे की, आतला आकडा मागाहून कोणास बदलता येऊ नये. मोठ्या कामांत दोन लिफाफे असतात: पहिल्यात देणाऱ्याची पात्रता व मालाची माहिती, दुसऱ्यात दर. पहिल्यात जो उतरत नाही त्याचा दुसरा लिफाफा उघडीतच नाहीत. अलीकडे हे काम संगणकावर होते. केंद्र सरकारने सन २०१६ मध्ये ह्यासाठी 'जेम' नावाची बाजारपेठ उभारली. साधन बदलले, तत्त्व मात्र बदललेले नाही.

निविदा व लिलाव ह्यांतील भेदही लक्षात ठेवावा. घेणारा एक व देणारे अनेक असले म्हणजे तो कमीत कमी दर पाहतो. देणारा एक व घेणारे अनेक असले म्हणजे तो अधिकात अधिक बोली पाहतो. उन्हाळ्यात आपल्या जंगलातील तेंदूपत्ता विडीच्या व्यापाऱ्यांना विकला जातो तो ह्या दुसऱ्या प्रकारचा व्यवहार आहे.

पूर्वी बाजारांत हत्त्याची पद्धत होती. दलाल व खरेदीदार रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी समोर उभा राहून नुसता रुमालाकडे पाहत असे. नियंत्रित बाजारांनी ती बंद करून उघड लिलाव आणला. शेजारच्या वऱ्हाडात कापूस व धान्य ह्यांच्या बाजारांसाठी सन १८९७ मध्येच कायदा झाला होता. स्वतंत्र महाराष्ट्रात सन १९६३ च्या कायद्याने बाजार समित्यांची आजची घडी बसविली. रुमाल गेला म्हणजे काय गेले, तर भाव लपविण्याची जागा गेली.

बयाणा, अनामत आणि करार

कोणीही उठावे, हलका दर भरावा आणि काम मिळाल्यावर पाठ फिरवावी, असे होऊ लागले तर घेणाऱ्याचे नुकसान होते. म्हणून निविदेबरोबर काही रक्कम आगाऊ ठेवून घेतात. ती बयाणा रक्कम. केंद्र सरकारच्या सन २०१७ च्या वित्तीय नियमांत ती अंदाजी किमतीच्या शेकडा २ ते ५ असावी असे सांगितले आहे. ज्याची निविदा नाकारली त्यास ती परत मिळते. ज्याची स्वीकारली त्याच्याकडून, काम नीट पार पडेपर्यंत, सुरक्षा अनामत किंवा बँकेची हमी घेतात.

देकार व त्याचा स्वीकार ह्या दोहोंच्या मेळातून करार होतो, हे तत्त्व आपल्याकडे सन १८७२ च्या करार कायद्याने घालून दिले आहे. स्वीकाराचे जे पत्र पुरवठादारास जाते त्यास पुरवठा आदेश म्हणतात. त्यात मालाचे वर्णन, संख्या, दर, पोचविण्याची जागा, मुदत आणि उशीर झाल्यास दंड ह्या सहा गोष्टी असल्याच पाहिजेत. ह्यांपैकी एखादी तोंडी ठेवली की पुढे भांडण तिच्यावरच होते.

नमुना, ओल आणि वजन

आता धानाच्या खरेदी केंद्राकडे येऊ. कारण हे सर्व शब्द तेथे एकत्र भेटतात. सरकार पेरणीच्या सुमारास काही पिकांची किमान आधारभूत किंमत जाहीर करिते. ती सुचविण्यासाठी सन १९६५ मध्ये एक आयोग नेमण्यात आला, आणि त्याच वर्षी भारतीय अन्न महामंडळही स्थापन झाले. सन २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाची आधारभूत किंमत क्विंटलला २,३६९ रुपये व 'अ' प्रतीच्या धानाची २,३८९ रुपये ठरली. सरकार स्वतः खळ्यावर येत नाही; ते आपल्या वतीने अभिकर्ता नेमिते. आपल्या भागात महाराष्ट्र राज्य सहकारी पणन महासंघ हे काम सहकारी संस्थांच्या मदतीने करितो. अभिकर्ता हा मालक नव्हे. तो दुसऱ्याच्या वतीने व दुसऱ्याच्या पैशाने व्यवहार करणारा विश्वस्त होय, हे शब्दातच सांगितले आहे.

शेतकरी सातबारा दाखवून नोंदणी करितो व पाळी आली म्हणजे धान आणितो. तेथे प्रथम नमुना घेतात. पोत्याच्या तोंडाशी चांगले दाणे व तळाशी पोचट, असे होऊ नये म्हणून नमुना निरनिराळ्या ठिकाणांहून घ्यावयाचा असतो. नमुना दाखवून विकलेला सर्व माल नमुन्याशी जुळला पाहिजे, असे सन १९३० च्या मालविक्री कायद्यातही सांगितले आहे. नंतर ओल पाहतात. धानात ओल शेकडा १७ हून अधिक नसावी असा नियम आहे. हा नियम शेतकऱ्याला अडविण्यासाठी केलेला नाही. ओले धान कोठारात तापते, त्यास बुरशी येते आणि त्याचा तांदूळ खाणाऱ्याच्या पोटात जातो. परंतु हाच नियम अप्रामाणिक माणसाच्या हाती पडला तर त्याचे शस्त्र होते. 'ओल आहे, परत न्या' असे कोणी म्हटल्यास यंत्रावरचा आकडा पाहण्याचा शेतकऱ्यास अधिकार आहे. आकडा १६ असेल तर धान घेतलेच पाहिजे. १९ असेल तर वाद न घालता ते पुन्हा उन्हात घातले पाहिजे. एकच शब्द दोघांचेही रक्षण करितो, मात्र तो दोघांनाही कळला पाहिजे.

त्यानंतर वजन. आपल्या आजे-पणजांच्या काळी खंडी, कुडव, पायली अशी मापे चालत, आणि ती गावोगाव सारखी नसत. सन १९५६ च्या कायद्याने देशभर किलोग्रॅमचे मान आणण्याचा पाया घातला. धानाची पोती सामान्यतः ४० किलोंची भरतात. रिकाम्या पोत्याला बारदाना म्हणतात. बारदान्यासह जे भरते ते ढोबळ वजन आणि बारदाना वजा जाता उरते ते निव्वळ वजन. पैसे निव्वळ वजनाचे मिळावयाचे असतात. आता एक हिशेब करून पाहा. एका शेतकऱ्याचे १०० क्विंटल धान म्हणजे ४० किलोंची २५० पोती. 'घट येते' असे म्हणून प्रत्येक पोत्यामागे एकच किलो अधिक घेतला गेला, तर २५० किलो धान बिनमोल गेले. वर सांगितलेल्या २,३६९ रुपयांच्या दराने ते ५,९२२ रुपये ५० पैसे होतात. एका किलोकडे कोणी लक्ष देत नाही, म्हणूनच ती चोरी सोपी असते. एवढ्या पैशांत मुलाची वर्षाची वह्या-पुस्तके व गणवेश येऊ शकतो. मोजणीच्या वेळी जवळ उभे राहणे आणि निव्वळ वजनाचा आकडा घातलेली, क्रमांकाची पावती घेतल्यावाचून केंद्र न सोडणे, ह्या दोन सवयींनी हे नुकसान टळते.

केंद्रावरील धान पुढे गिरणीत भरडाईसाठी जाते. १०० क्विंटल धानापासून जो तांदूळ परत मिळावयाचा त्यास उतारा म्हणतात. साध्या, म्हणजे न उकडलेल्या तांदळासाठी तो ६७ क्विंटल धरलेला आहे. आपल्या उदाहरणातील शाळेला लागणारा ७२० किलो तांदूळ मिळविण्यास ह्या हिशेबाने सुमारे १,०७५ किलो, म्हणजे जवळजवळ २७ पोती धान लागेल. सहाव्या इयत्तेतील त्रैराशिक येथे उपयोगी पडते.

चलान, बीजक आणि देणे चुकविण्याची मुदत

माल पोचविताना त्याबरोबर जो कागद येतो ते चलान. त्यात माल किती हे असते, पैशाची मागणी नसते. पैशाची मागणी करणारा कागद म्हणजे बीजक. माल ज्याने उतरवून घेतला त्याने मोजून, तपासून आवक लिहावयाची असते. शाळेतील बाके, कपाटे ह्यांसारख्या टिकाऊ वस्तूंची नोंद जडसंग्रह नोंदवहीत होते. पुरवठा आदेश, आवकेची नोंद व बीजक ह्या तिन्ही कागदांतील आकडे जुळले तरच पैसे द्यावयाचे, हा हिशेबनिसाचा पहिला धडा आहे. मागितले ५० बाक, आले ४८ आणि बीजक ५० चे, असे झाल्यास तिसरा कागद खोटे बोलतो हे पहिले दोन कागद सांगतात.

घेणाऱ्याचीही जबाबदारी आहे. माल पसंत करून घेतल्यावर पैसे रखडविणे हा अन्याय होय. मोठ्या खरेदीदाराला महिन्याचा विलंब जाणवत नाही. पण लहान कारागिराचे भांडवलच तेवढे असते, आणि ते अडकले की तो सावकाराच्या दारी जातो. म्हणून सन २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांचे देणे, लेखी करार असला तरी, ४५ दिवसांच्या आत चुकविण्याचे बंधन घातले आहे.

किंमत आणि खर्च

सर्वांत कमी दर तोच सर्वांत स्वस्त, हा समज चुकीचा आहे. समजा, एक बाक २,००० रुपयांना मिळतो व पाच वर्षे टिकतो. दुसरा ३,००० रुपयांना मिळतो व बारा वर्षे टिकतो. पहिल्याचा खर्च वर्षाला ४०० रुपये पडला, दुसऱ्याचा २५०. किंमत म्हणजे आज दिलेले पैसे. खर्च म्हणजे आणण्याचे, दुरुस्तीचे व पुन्हा घेण्याचे मिळून सारे पैसे. अर्थात 'महाग तेच चांगले' असे म्हणून मर्जीतल्या दुकानदाराला काम देणे हाही तितकाच दोष आहे. म्हणूनच किती वर्षे टिकावे, लाकूड कोणते असावे, हे दर मागविण्यापूर्वीच वर्णनात लिहावे लागते. दर पाहिल्यावर अटी बदलणे म्हणजे पावले पाहून वहाण कापणे होय.

संगनमत आणि हितसंबंध

चार पुरवठादारांनी आधी एकत्र बसून 'यंदा तू, पुढल्या वर्षी मी' असे ठरविले, तर लिफाफे चार असूनही निविदा एकच असते. ह्यास संगनमत म्हणतात, आणि सन २००२ च्या स्पर्धा कायद्याने त्यास मनाई केली आहे. निवड करणाऱ्याचा भाऊ किंवा जावई हाच पुरवठादार असेल तर त्यास हितसंबंध म्हणतात. अशा वेळी निवड करणाऱ्याने ते आधी सांगून त्या निर्णयातून बाजूस व्हावे, हा सभ्य मार्ग.

ही नीती आपल्याकडे नवी नाही. छत्रपती शिवाजी महाराजांनी सन १६७३ च्या मे महिन्यात चिपळूणकडे छावणी केलेल्या लष्कराच्या अंमलदारांना पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण बेहिशेबाने उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील. मग तुम्ही कुणब्यांच्या घरांत शिराल, आणि रयतेला शत्रू बरा असे वाटेल. तुम्हांस पैसा दिलेला आहे, तर लागेल ते बाजारातून विकत घ्या, असा त्याचा आशय आहे. साठ्याचा हिशेब, गरजेचा अंदाज आणि योग्य मोल देऊन खरेदी ही तिन्ही तत्त्वे त्यात आली. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी सांगितले आहे की, रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच झाले तर धन्यास राजी करून, त्यास मोल देऊन घ्यावे. राजसत्तेच्या हाती बळ असताही तिने विकत घ्यावे, हिसकावू नये, ही त्यातली शिकवण.

पवित्र शास्त्रातही पिशवीत लहान-मोठी अशी दोन वजने बाळगणाऱ्याचा निषेध केला आहे: एक घेताना वापरावयाचे व एक देताना. निविदा व नमुना, पावती व बीजक ह्या साऱ्यांचा हेतू अखेर एवढाच की, पिशवीत वजन एकच असावे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे दुकान काढील, कोणी सहकारी संस्थेत हिशेबनीस होईल, कोणी ग्रामपंचायतीत निवडून जाईल. त्या दिवशी तुमच्या हाती दुसऱ्याचा पैसा येईल आणि पाहणारा कोणी नसेल. तोपर्यंत एक काम करा. यंदा घरचे धान केंद्रावर जाईल तेव्हा वडिलांबरोबर जा, ओलीचा आकडा वाचा, पोती मोजा, निव्वळ वजनाची बेरीज करा आणि पावतीशी ताडून पाहा. वडिलांना वाचता येत असो वा नसो, त्यांच्या शेजारी हिशेब समजणारा एक माणूस उभा आहे, एवढे समोरच्याला दिसले तरी पुष्कळ काम होते.